नऊ नंबरच्या बाई

मी एक वाक्य बोललो होतो. बंद केबिनमध्ये, एका साहेबासमोर, हळू आवाजात. त्या वाक्यानं एका बाईंची खुर्ची गेली, आणि खुर्चीहून मोठं म्हणजे त्यांचं नाव गेलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, त्या कंपनीतल्या कुणा मित्राला नाही, आणि ज्यांचं नाव गेलं त्या बाईंना तर नाहीच. आता सांगतो. पण आधी बाई कशा होत्या ते सांगायला हवं, नाहीतर माझं ते वाक्य किती हलकट होतं हे तुम्हाला कळायचं नाही.

बाई आमच्या कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होत्या. फोन जोडून दिला की त्या कानावरचा हेडफोन काढून समोरच्या खुंटीला अडकवायच्या. दर वेळी. सकाळच्या घाईत लागोपाठ फोन यायचे, बझर थांबायचा नाही, तरी त्यांचा हा नेम चुकला नाही. लाइन जुळली, दोन्ही बाजूंनी 'हॅलो' झालं, की हेडफोन खुंटीला आणि बाईंची नजर बोर्डावरच्या लाल दिव्यावर. दिवा विझला म्हणजे बोलणं संपलं, लाइन मोकळी. "लाइट बघायचा, कान लावायचा न्हाई," असं त्या म्हणायच्या. मी नवीन लागलो तेव्हा मला वाटलं, डोकं दुखत असेल म्हणून काढत असतील. तसं विचारलंही. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुझ्या आंघोळीच्या वेळी कुणी दार उघडलं तर आवडंल का तुला?" म्हणाल्या. मी पुन्हा विचारलं नाही.

कंपनी तळोज्याला होती. रंग बनवायची. कपड्यांना, प्लॅस्टिकला, छपाईच्या शाईला लागतो तो रंग. प्लांटमधल्या माणसांच्या नखांत निळा नाहीतर तांबडा रंग कायमचा बसलेला असे, आणि कोण कुठल्या खात्यातला ते रुमालावरून कळे. आम्ही ऑफिसवाले तेवढे पांढऱ्या रुमालाचे. मी पर्सोनेल खात्यात कनिष्ठ अधिकारी होतो. नव्वदच्या दशकाचा मध्य चालू होता. नेरूळला सिडकोच्या इमारतीत भाड्यानं राहत होतो, नुकतं लग्न झालेलं, घरी फोन नव्हता. तेव्हा फोनसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. त्यामुळे बाहेर कुणाशी बोलायचं तर ते कंपनीतूनच, म्हणजे बाईंच्या हातूनच.

कंपनीतून बाहेर फोन लावायचा तर आधी नऊ फिरवायचा. नऊ फिरवला की बाई. म्हणून त्यांचं नाव पडलं नऊ नंबर. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते वापरताना मी कुणाला ऐकलं नाही. "नऊ नंबरला विचार", "नऊ नंबर आज रजेवर आहे का?" असंच चालायचं. बाईंनाही ते चालायचं. एकदा एका बड्या ग्राहकानं मुंबईहून फोन करून चढ्या आवाजात विचारलं, "हू इज धिस?" तर बाई थंडपणे म्हणाल्या, "धिस इज नाइन, सर. अँड हू आर यू?"

फोनवरच्या बाई वेगळ्या आणि फोन ठेवलेल्या बाई वेगळ्या. फोनवर "गुड मॉर्निंग, कोणाकडे जोडू?" असं रेडिओवरच्यासारखं गोड, स्वच्छ बोलणं. हेडफोन खुंटीला गेला की साताऱ्याची बोली. त्यांचे मालक, म्हणजे नवरा, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी, घर कोपरखैरण्याला. मालक अंगानं राकट आणि बोलायला अगदी कमी. कधी बाईंना न्यायला आले तर गेटवरच उभे राहायचे. बाई म्हणायच्या, "आमच्या घरात बोलायचा पगार मलाच मिळतो." त्या मॅट्रिक झाल्या होत्या, लग्नानंतर ऑपरेटरचा कोर्स केला होता, आणि कंपनी उभी राहिली तेव्हापासून त्या बोर्डावर होत्या. त्यांच्या डोळ्यांदेखत तीन साहेब आले नि गेले. स्वभाव फटकळ. चूक झाली तर मॅनेजर असो की शिपाई, सारखाच पाणउतारा. आणि थोडा गर्वही होता, तो का लपवू? आपल्यावाचून कंपनीचं पान हलत नाही असं त्यांना वाटायचं. त्या रजेवर असल्या की बोर्डावर रिसेप्शनची मुलगी बसायची, तर जाताना तिला अशा सूचना देऊन जायच्या की जणू तान्हं बाळ सोपवून चालल्यात.

त्यांची आणखी एक खोड होती. नुसत्या 'हॅलो'वरून त्या माणूस ओळखायच्या, आणि त्याचं आज काय बिनसलंय तेही. मी नऊ फिरवून 'हॅलो' म्हटलं की पलीकडून, "का रं जोग, जेवला न्हाईस?" आणि मी खरंच जेवलेला नसायचो. मी म्हटलं, बाई, हे कसं काय? तर म्हणाल्या, "त्यात काय हाय? हॅलो म्हणताना मानूस सावध नसतो. पुढचं सगळं तो ठरवून बोलतो. म्हणून पुढचं ऐकायची गरजच न्हाई." मला गंमत वाटायची. थोडी भीतीही वाटायची.

भीती वाटायला कारण होतं. त्या वर्षी कंपनीत काहीतरी शिजत होतं. नवे जनरल मॅनेजर आले होते. शांत, सभ्य, इस्त्रीचा माणूस. त्यांनी आल्या आल्या ओव्हरटाइम बंद केला, शिफ्टा न सांगता बदलायला सुरुवात केली, आणि अनोळखी माणसं येऊन निळ्या रंगाच्या खात्यात मोजमापं घेऊन जायला लागली. निळं खातं बंद होणार अशी अफवा उठली. कुणी म्हणे विकणार, कुणी म्हणे मशिनं गुजरातला जाणार. विचारलं तर वरून उत्तर नाही. आधी कँटीनमध्ये एकमेकांच्या डब्यात हात घालणारी माणसं गप्प बसून जेवायला लागली. फिटर म्हात्रे हा तळोज्याच्या जवळच्याच गावचा. त्याची जमीन याच वसाहतीत गेलेली, आणि त्या बदल्यात त्याला नोकरी मिळालेली. तो एकदा मला म्हणाला, "जोगसायेब, जमीन गेली तवा बापाला कुनी इचारला नव्हता. आता मला पन कुनी इचारत नाय." मी म्हटलं, बघतो. पर्सोनेलच्या माणसाचं हे ठरलेलं उत्तर असतं.

आणि मी काय बघत होतो? मी स्वतःसाठी दुसरी नोकरी बघत होतो. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कंपनीत माझा एक मित्र होता, तो माझं काम करून देणार होता. त्याच्या टेबलावर थेट लाइन होती. त्याला मी बाईंकरवीच फोन लावायचो, मित्र आहे म्हणून सांगायचो आणि दबक्या आवाजात बोलायचो. ज्याच्या कामात लोकांना धीर देणं येतं, तोच सगळ्यांच्या आधी पळायच्या तयारीत होता. बाई थट्टा करायच्या, "लगीन झालेल्या मानसानं मैतराशी इतकं बोलू नये. बायको संशय घील." मी हसायचो. पण फोन ठेवला की मनात यायचं, बाईंनी ऐकलं तर नसेल? हेडफोन खुंटीला अडकवताना मी त्यांना माझ्या टेबलासमोरच्या काचेतून रोज पाहत होतो, तरी हा विचार जायचा नाही. कारण उघड होतं. त्यांच्या जागी मी असतो तर मी ऐकलं असतं.

गणपतीच्या आधीची गोष्ट. दुपारी बाई डबा घेऊन माझ्या टेबलासमोर येऊन बसल्या. भाकरी, वांग्याची भाजी, मालकांनी मार्केटातून आणलेला कांदा. कांदा बुक्कीनं फोडला, अर्धा माझ्यापुढे सारला.

"जोग, लोकांचे हॅलो पडलेत."

"म्हणजे?"

"पडलेत म्हणजे पडलेत. आधी सकाळी नऊ लावला की 'काय बाई, झाला का चा?' असं काहीतरी असायचं. आता नुसतं 'लाइन द्या'. सगळ्या खात्यांत. त्यो स्टोअरचा कुलकर्णी, किती बडबड्या मानूस, त्योबी." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "लोकं दुसरीकडं नोकऱ्या शोधाय लागलीत."

मी कांद्याची फोड खाली ठेवली. मी विचारलं, "कोण लोकं?"

"कोन म्हंजे? जेवताना सांगतात की मला. निळ्या खात्यातले दोघं तर रडले हितं बसून. तू पर्सोनेलला हायेस ना? मग साहेबाला जाऊन सांग की."

सांगायचं काम माझंच होतं. पण मी नोकरीत कायम होऊन फार दिवस झाले नव्हते, आणि दुसरीकडचं अजून पक्कं नव्हतं. मी म्हटलं, "बाई, माझं कोण ऐकणार? तुम्ही बोला. तुम्ही सगळ्यात जुन्या. तुमचा मान राखतील. मी येतो ना बरोबर." मला वाटलं, बाई नाही म्हणतील. त्या खूश झाल्या. कुणीतरी त्यांचं जुनेपण मान्य केलं, याचाच त्यांना आनंद झाला. कांद्याची फोड तोंडात टाकत म्हणाल्या, "बरं. पन तू मधे मधे हो म्हनायचं. येकटीचं बोलनं लई वेळ चाललं की बाई भांडाय आली असं वाटतं मानसाला."

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. बाईंनी चांगली साडी नेसली होती, अंबाड्यावर अबोलीचा गजरा होता. साहेबांनी उठून खुर्ची दिली, चहा घेणार का विचारलं. बाई म्हणाल्या, "चहा नको साहेब. बोर्डावर रिसेप्शनच्या मुलीला बसवून आलेय, तिच्या हातून लायनी तुटतात." त्या फोनवरचं मराठी बोलत होत्या. मला तेव्हाही ते जाणवलं. साहेबांसमोर त्या कामावरच होत्या.

बोलल्या मात्र छान. मागणी कसलीच नव्हती. ओव्हरटाइमचं नाव काढलं नाही, पगाराचं काढलं नाही. म्हणाल्या, "साहेब, घरातलं माणूस दवाखान्यात असलं की डॉक्टरनं बाहेर येऊन काहीतरी बोलावं असं वाटतं ना? वाईट असलं तरी बोलावं. आमचं तसं झालंय. निळं खातं बंद करायचं असेल तर करा, तुमची कंपनी. पण सांगा. लोकांना उभं करून सांगा. मशिनसमोर उभा राहणारा माणूस रात्री झोपला नाही तर उद्या हात जाईल त्याचा." साहेब मान हलवत होते. बाईंना जोर आला. "चांगली चांगली माणसं दुसरीकडं बघायला लागलीत, साहेब. कामाची माणसं. काय जोग, खरं का नाही?"

आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

ठरल्याप्रमाणे मी 'हो' म्हणायचं होतं, म्हणून त्यांनी पाहिलं. आज मला ते कळतं. तेव्हा मात्र कळलं नाही. मला वाटलं, यांना माहीत आहे. यांनी सगळं ऐकलंय, आणि आता माझं नाव येणार. मी म्हणालो, "असेल थोडंफार." 'हो' नाही, 'नाही'ही नाही. असेल थोडंफार.

साहेबांनी बाईंचे आभार मानले. बरं केलंत येऊन सांगितलंत, म्हणाले. बाई उठल्या, दाराशी थांबून माझ्याकडे बघून किंचित हसल्या. जमलं, असं ते हसू होतं. मीही उठलो. साहेब म्हणाले, "जोग, तुम्ही थांबा जरा."

दार लागलं. साहेबांनी चष्मा काढून पुसला. "मला एक सांगा. कोण बाहेर नोकरी बघतंय, हे या बाईंना कसं काय माहीत?"

याला खरी उत्तरं होती, आणि ती मला येत होती. बाई सगळ्यांबरोबर जेवतात, लोक त्यांच्यापाशी रडतात, म्हणून माहीत. किंवा, साहेब, हे तुम्हाला मीच सांगायला हवं होतं, मी बाईंना पुढे केलं. मी म्हणालो,

"ऑपरेटर आहेत ना, सर. फोनवर पडत असेल कानावर."

एवढंच. 'पडत असेल' म्हणालो. आरोप केला नाही, असं पुढे कैक वर्षं स्वतःला सांगत आलो. साहेबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले, "अच्छा. असं आहे तर." त्या क्षणी बाईंनी मांडलेला सगळा विषय संपला. निळं खातं, न झोपणारी माणसं, काही उरलं नाही. ऑपरेटर लोकांचे फोन ऐकते, एवढाच विषय उरला. मला स्वच्छ दिसलं की साहेबांना बरं वाटलं. कारण पहिल्या विषयाला त्यांना काहीतरी करावं लागलं असतं. दुसऱ्याला नुसती एक नोटीस पुरणार होती.

ती नोटीस माझ्याच सहीनं लागली. कंपनीच्या फोनवरची खासगी संभाषणं ऐकणं हा शिस्तभंग समजला जाईल, असा मजकूर. नाव कुणाचंच नव्हतं. पण फोन ऐकू शकेल असं माणूस कंपनीत एकच होतं. संध्याकाळपर्यंत सगळ्या प्लांटला कळलं. बाई नोटीस वाचून माझ्याकडे आल्या. मला वाटलं, आता सुटका नाही. तर त्या म्हणाल्या, "चांगलं केलंस रं. हे लिहून लावाय पायजेच होतं. पन आसं कोन ऐकतंय?" त्यांना कळलंच नव्हतं, की ते आपल्याबद्दल आहे.

कळलं ते लोकांच्या वागण्यातून. ज्यांच्यासाठी त्या साहेबापुढे बसल्या, तेच लोक त्यांच्याशी बोलेनासे झाले. कुलकर्णी नऊ फिरवायचा तो नुसता नंबर सांगायला, आणि बोलताना हात तोंडावर धरायचा. गेटबाहेर पिवळ्या पाटीचा पीसीओ होता, तिथे दुपारी रांग लागू लागली. बाईंनी एकदा म्हात्रेला हाक मारून सांगितलं, अरे, तुझ्या घरचा नंबर लावून देते, उन्हात कशाला जातोस. म्हात्रे म्हणाला, "नको बाय, आमी भायेरशी लावतो. हितं भिंतींना कान हायेत." आजूबाजूचे हसले. त्या दिवशी पहिल्यांदा मी बाईंचा चेहरा उतरलेला पाहिला.

त्या माझ्याकडे आल्या. दार लोटून घेतलं. "जोग, लोकं म्हनतात मी ऐकते. मी." त्यांनी काचेतून आपल्या बोर्डाकडे बोट दाखवलं. मग म्हणाल्या, "तू बघतोस ना रोज? तुझ्या डोळ्यांदेखत काढते ना मी हेडफोन? तू पर्सोनेलचा मानूस. तू येकदा सगळ्यांना सांग. कँटीनमधे उभा राहून सांग. तुझं ऐकतील."

मी म्हटलं, "बघतो, बाई."

खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी प्रत्येक खातं आपापल्या मशिनची पूजा करायचं. झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ. बाई दर वर्षी आपल्या बोर्डाला झेंडू वाहायच्या, हेडफोनला माळ घालायच्या आणि साताऱ्याहून मागवलेले कंदी पेढे वाटायच्या. त्या पेढ्यांसाठी त्यांच्या खोलीबाहेर झुंबड उडायची. "एकेकच घ्या रं, दुष्काळातनं आलाय का?" असा त्यांचा आवाज प्लांटपर्यंत जायचा. त्या वर्षी पूजा तशीच झाली, माळ तशीच घातली. पेढ्यांचा खोका उघडा करून त्या बसून राहिल्या. लोक दारावरून जात होते. कुणी आत आलं नाही. मी माझ्या काचेतून बघत होतो. एक पेढा घ्यायला मला काय लागणार होतं? पण बाईंच्या खोलीत गेलेला मी साहेबांना दिसलो असतो. दुपार झाली तेव्हा बाईंनी खोक्याला दोरा गुंडाळला आणि पिशवीत ठेवला. त्या दिवशी त्यांनी डबा खाल्ला नाही.

पुढे साहेबांनी, मधे ऐकायला कुणी नको म्हणून, नवं यंत्र आणलं. ज्यानं त्यानं आपल्या टेबलावरून थेट बाहेर नंबर फिरवायचा. बोर्डाची गरजच उरली नाही. बाईंना जावक टपालाच्या टेबलावर बसवलं, पाकिटांना तिकिटं चिकटवायला. थोडे दिवस त्यांनी काढले, मग राजीनामा दिला. निळं खातं त्यानंतर लगेच बंद झालं. कुणाला आधी सांगितलं नाहीच. लोक सकाळी आले तर दाराला कुलूप होतं.

बाईंचा निरोप समारंभ मीच केला. पर्सोनेलचं कामच ते. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ. भाषणही मीच केलं. त्यांचा आवाज म्हणजे कंपनीचा आवाज, वगैरे म्हणालो. त्यांच्या त्या खुंटीबद्दल बोललो नाही. सगळे समोर बसले होते, कुलकर्णी, म्हात्रे, साहेबसुद्धा. ते सांगायची यापेक्षा चांगली वेळ पुन्हा येणार नव्हती. मी टाळ्या वाजवल्या आणि खाली बसलो. मालक त्या दिवशी पहिल्यांदा गेटच्या आत आले होते, मागच्या खुर्चीवर, मांडीवर टोपी ठेवून. बाईंची शाळकरी मुलगी त्यांच्या शेजारी.

निघताना बाई माझ्याजवळ आल्या. हात हातात घेतला. "जोग, तू हाय म्हनून बरं वाटतं. सगळे गेले तरी तू जानार न्हाईस. तुझ्यासारखी मानसं कंपनी सोडून जात न्हाईत, मला म्हाईत हाय."

माझं दुसरीकडचं तेव्हा पक्कं झालं होतं. महिनेन् महिने त्यांच्याच बोर्डावरून, त्यांनीच जोडून दिलेल्या लाइनवर मी ते पक्कं केलं होतं. त्यातला एक शब्द त्यांच्या कानावर पडलेला नव्हता. दिवा पेटायचा, दिवा विझायचा, एवढंच त्यांना माहीत. मैतर म्हणून त्या चिडवत होत्या, तो त्यांना खरंच माझा मैतर वाटत होता. त्या माझा हात धरून उभ्या होत्या आणि मला तो सोडवूनही घेता येईना. पुढच्याच महिन्यात मी ती कंपनी सोडली.

मग बरीच वर्षं गेली. मी दोन-तीन ठिकाणी नोकऱ्या केल्या, वर चढलो. आता माझ्या हाताखालची माणसं येऊन सांगतात, सर, लोक नाराज आहेत, वर बोलायला हवं. मी त्यांचं ऐकून घेतो. ते गेले की हे सांगणारा कोण, त्याला कुठून कळलं, असा प्रश्न माझ्या मनात आधी येतो. तो आला की मला त्या केबिनमधला पुसलेला चष्मा आठवतो.

मागच्या वर्षी वाशीच्या एका दवाखान्यात औषधांच्या रांगेत एका बाईनं मला हटकलं. "तुम्ही जोगकाका ना? मी नऊ नंबरची मुलगी." हे नाव तिनं हसत, अभिमानानं सांगितलं. वडील गेले, म्हणाली. आई गावी असते, साताऱ्याकडे, तब्येत ठणठणीत. "फोन करा ना आईला. फार आवडेल तिला. मोबाइल घेऊन दिलाय, तर त्याला हात लावत नाही. तो जुना फोनच लागतो, आणि उचलणार तीच. तुमचं नाव काढते अजून. कंपनीत एक जोगच माझ्याशी शेवटपर्यंत नीट वागला, म्हणते."

तिनं नंबर दिला. आठवडाभर तो खिशात ठेवून, एका रविवारी मी फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं होतं. मनात घोकलंही होतं. घंटा वाजली, मग तोच स्वच्छ आवाज आला, थोडा घोगरा झालेला. "बोला."

मी म्हटलं, "हॅलो."

 मग, "जोग?"

"ओळखलंत, बाई?"

"न ओळखाय काय झालं?" त्या हसल्या. मग हसणं थांबलं. "आरं, हॅलो पडलाय तुझा. काय झालं? घरी समदी बरी हायेत ना?"

घोकलेलं सगळं तिथंच जिभेवर होतं. मी म्हणालो, "सगळं बरं आहे, बाई. सहज केला."

"सहज न्हाई," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. मी काही बोलेन म्हणून थांबल्या. लाइनवर मला कोंबड्याचं आरवणं ऐकू येत होतं, कुणीतरी अंगण झाडत होतं. मग त्याच म्हणाल्या, "बरं, वाटंल तवा सांग. मी हितंच हाय." आणि त्यांनी फोन ठेवला.

मी बाईंना अजून एक फोन देणं लागतो. तुम्ही लोकांचे फोन ऐकता हे साहेबांना मी सांगितलं, आणि ते खोटं होतं, एवढंच त्यात बोलायचं आहे. तो फोन मी अजून केलेला नाही.